मुलाची निवड आणि आपला आनंद
(सोसायटीच्या वार्षिक पालक-मेळाव्यात तळेरे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





चिटणीस साहेबांनी मला 'खेळ आणि पालक' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. मी शिकवितो इतिहास. परंतु शाळेत तरुण शिक्षकाच्या गळ्यात कबड्डीचा संघही पडतो, त्याप्रमाणे तो माझ्याकडे आहे. त्यामुळे मैदानावरची मुले आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले त्यांचे वडील, दोघांनाही मी रोज पाहतो. विषय मोठा आहे. त्यातला एकच धागा मी हाती घेणार आहे. आपल्या मुलाची एखाद्या धंदेवाईक संघात निवड झाली, तर आईबापांनी आनंद कसा करावा? प्रश्न वरवर गमतीचा वाटेल. पण या प्रश्नाचे उत्तर चुकले म्हणून घरे बसलेली आहेत, आणि उत्तर बरोबर आले म्हणून उभी राहिलेलीही आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आनंद करू नये, असे सांगावयास मी येथे आलेलो नाही. ज्या घरात मुलाच्या यशाने डोळे भरून येत नाहीत, ते घर कसले? आणि आपल्या कोकणाला तर निवडीचा आनंद मुळीच नवा नाही. फक्त निवड करणारे बदलत गेले. आपल्या आजोबांच्या काळी गावातला मुलगा मुंबईच्या गिरणीत लागला, की गावी पत्र येई आणि कुठे नारळ फुटे, कुठे फातिहा होई. मग बोटीवरच्या भरतीचे दिवस आले. खलाशी म्हणून नाव लागले, की साऱ्या मोहल्ल्यात गूळ-खोबरे वाटले जाई. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाताचे दार उघडले, आणि 'व्हिसा आला' हे दोन शब्द आपल्या घरात लग्नाच्या बातमीइतक्या आनंदाचे झाले.

हा इतिहास मी सांगतो तो एका कारणासाठी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. ज्या घरांनी 'मुलगा गिरणीत लागला, आता काळजी मिटली' म्हणून दुसरा काही विचारच केला नव्हता, त्या घरांची दशा आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. ज्या घरांनी त्याच पगारातून धाकट्यांना शिकविले, ती घरे तगली. निवड दोन्ही घरांत झाली होती. आनंदही दोन्ही घरांनी केला होता. फरक त्या आनंदानंतर काय केले यात होता.

आता निवडीचे नवे रूप आले आहे, ते खेळाचे. ते आपण दूरदर्शन संचावर पाहतो. एका सभागृहात मालक मंडळी बसलेली असतात, नाव पुकारले जाते, आणि कुठल्या तरी खेड्यातल्या घरात एकच जल्लोष होतो. आई मुलाला पेढा भरविते, बाप डोळे पुसतो. हे दृश्य सुंदर आहे. ही पद्धत ज्या देशात फार दिवसांची आहे, तिथल्या आईबापांचे काय झाले हे आधी पाहू, म्हणजे आपल्याकडे काय होईल याचा अंदाज येईल.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. क्रिकेटच्या नात्यातलाच, एकाने चेंडू फेकावयाचा, दुसऱ्याने लाकडी दांडक्याने तो मारावयाचा आणि धावावयाचे. तिथे १९६५ सालापासून दरवर्षी तरुण खेळाडूंची निवड होते, तिला ते 'ड्राफ्ट' म्हणतात. आपल्याकडे ड्राफ्ट म्हटले की आखातातून येणारा बँकेचा ड्राफ्ट आठवतो, तो नव्हे! तिथे एकूण ३० संघ आहेत. ते पाळीपाळीने एकेक मुलगा निवडतात, आणि आदल्या हंगामात ज्यांची कामगिरी सुमार झाली त्यांना साधारणतः आधी संधी मिळते. मुलाला आपला संघ निवडता येत नाही. जो संघ नाव घेईल, त्याच्याशीच बोलणी. पूर्वी या निवडीच्या चाळीस आणि त्याहूनही अधिक फेऱ्या होत; २०२१ पासून २० होतात. म्हणजे आजही दरवर्षी सहाशेच्या आसपास घरांत पेढे वाटले जातात, अर्थात त्यांच्या पद्धतीचे.

परंतु निवड झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी मोठ्या संघातून खेळू लागतो, असे बिलकुल नाही. त्याला खालच्या पायरीच्या संघात पाठवितात. तिथून पायरी-पायरीने चढावयाचे, आणि बहुतेक मुले शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत. २०२३ साली खेळाडूंच्या संघटनेने करार केला, त्याआधी सगळ्यात खालच्या पायरीवरच्या खेळाडूला वर्षाला अवघे ४,८०० डॉलर मिळत. त्या करारानंतर ते १९,८०० झाले. अमेरिकेच्या मानाने पहिली रक्कम म्हणजे काहीच नव्हे. चार-चार, पाच-पाच मुले एका खोलीत पथारी टाकून राहत. मुंबईतल्या आपल्या गाववाल्यांच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको.

या निवडीच्या इतिहासातली दोन घरे मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिले घर ब्रायन टेलरचे. हे कुटुंब उत्तर कॅरोलिना राज्यातल्या समुद्रकाठच्या ब्युफोर्ट गावचे. बाप गवंडी, आई खेकडे सोलण्याच्या कारखान्यात कामाला. आपल्या किनाऱ्यावरच्या घरासारखेच घर म्हणा ना! १९९१ च्या निवडीत हा मुलगा साऱ्या देशात पहिला आला. न्यूयॉर्कच्या प्रख्यात यांकीज संघाने त्याला उचलले. संघाने आधी कमी रक्कम देऊ केली, तेव्हा ती माउली अडून बसली आणि तिने मुलाला साडेपंधरा लाख डॉलर मिळवून दिले. त्या आईचे मला कौतुक वाटते. पण १९९३ च्या डिसेंबरात, भावाच्या भांडणात मध्ये पडताना मुलाचा चेंडू फेकण्याचा खांदा निखळला. पुन्हा तो हात पूर्वीसारखा चालला नाही. देशात पहिला आलेला हा मुलगा मोठ्या संघातून एकही सामना खेळला नाही. पुढे त्याने बापाबरोबर गवंडीकाम केले.

दुसरे घर माइक पियाझाचे. १९८८ साली या मुलाचे नाव ६२ व्या फेरीत आले. एकूण यादीत त्याचा क्रमांक होता १,३९० वा! तोही त्याचे वडील लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचे व्यवस्थापक लासोर्डा यांचे स्नेही होते म्हणून, त्यांच्या शब्दाला मान देऊन घेतलेला. आपल्या भाषेत वशिल्याचा. पण मुलगा राबला. चेंडू अडविण्याची नवी जागा शिकला, आणि २०१६ साली त्या खेळाच्या मानाच्या दालनात त्याचे नाव लागले.

पहिला क्रमांक आलेला घरी परतला, आणि एक हजार तीनशे नव्वदावा शिखरावर गेला. यावरून निवड निरर्थक आहे असा अर्थ कृपया काढू नये. निवड म्हणजे दार उघडले, एवढाच तिचा अर्थ आहे. आत जाऊन किती चालावयाचे, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

तिथल्या जाणत्या पालकांची मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शाळा संपताच निवड झालेला मुलगा नकार देऊन कॉलेजात जाऊ शकतो, आणि काही वर्षांनी त्याची पुन्हा निवड होऊ शकते. आणि जो लगेच जातो, त्याच्या करारातच पालक लिहून घेतात, की खेळ संपल्यावर कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च संघाने द्यावा. ज्या दिवशी मुलगा खेळाडू झाला, त्याच दिवशी तो खेळाडू नसेल तेव्हाची तजवीज! अशा आईबापांचा मुलावर विश्वास नाही, असे कोणी म्हणेल काय? त्यांचा विश्वास मुलावर आहे, फक्त त्याच्या खांद्यावर आणि गुडघ्यावर त्यांनी सगळे ओझे टाकलेले नाही.

आपल्या देशातली दोन मुले या बेसबॉलच्या वाटेला जाऊन आली, हे पुष्कळांना माहीत नसेल. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. (हा रिंकू म्हणजे क्रिकेटवाला रिंकू नव्हे.) दोघेही उत्तर प्रदेशातले, लखनौच्या क्रीडा वसतिगृहात भालाफेक शिकणारे. रिंकूचे वडील ट्रकचालक. २००८ साली चेंडू वेगाने फेकण्याच्या एका स्पर्धेत ते चमकले. रिंकूने एक लाख डॉलरचे बक्षीस घेतले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाने दोघांशी करार केला. ज्या खेळाचा चेंडू वर्षापूर्वी हातात धरला नव्हता, त्या खेळाचे ते धंदेवाईक खेळाडू झाले. दिनेश २०१० च्या अखेरीस करारातून मोकळा होऊन परतला. रिंकू कित्येक वर्षे खालच्या पायऱ्यांवर झगडला, कोपराची शस्त्रक्रिया झाली, शेवटी तो कुस्तीच्या तमाशाकडे वळला. दोघांपैकी कोणीही वरच्या पायरीवर पोहोचला नाही. तरी मी त्यांना हरलेले मानीत नाही. पण त्यांच्यावर निघालेला चित्रपट पाहून उठलेल्या बापाने, त्या चित्रपटानंतरची वर्षेही हिशेबात धरावीत.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे ड्राफ्टपेक्षा लिलाव अधिक रुळला. क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला. कबड्डीचा आला २०१४ साली. त्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार होता, किंमत १२ लाख ८० हजार. अवघ्या चार वर्षांनी, २०१८ साली, सहा खेळाडूंनी एक कोटीचा आकडा गाठला वा ओलांडला. जो खेळ आपण लंगोट कसून मातीत, हुतूतू म्हणत खेळलो, त्याला हे दिवस येतील असे कोणाला वाटले होते? पूर्वी कबड्डीतल्या चांगल्या पोराला फार तर रेल्वेत, बँकेत किंवा एखाद्या कंपनीत नोकरी लागे, आणि तेवढ्याने त्याचे आईबाप धन्य होत.

आपल्या जिल्ह्याला खेटून असलेल्या चंदगड तालुक्यात हुंदळेवाडी नावाचे गाव आहे. तिथला शेतकऱ्याचा मुलगा सिद्धार्थ देसाई. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. त्या दिवशी हुंदळेवाडीत काय झाले असेल, ते मी वर्णन करावयास नको. पुढे खांदा दुखावला, २०२१-२२ चा जवळजवळ सगळा हंगाम हुकला, भाव एकदम खाली आला. २०२३ साली हरियाणाच्या संघाने पुन्हा एक कोटी दिले. मुलगा तोच, गाव तेच, मेहनतही तीच. भाव मात्र हापूसच्या पेटीसारखा चढतो आणि उतरतो. बागायतदाराला हे समजते. पहिल्या पेटीच्या भावावर तो वर्षाचा खर्च ठरवीत नाही.

दुसरे उदाहरण अस्लम इनामदारचे. नगर जिल्ह्यातला हा मुलगा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, आईने शेतात मजुरी करून घर चालविले. २०२१-२२ च्या हंगामात तो पुणेरी पलटणकडून उतरला. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद घेतले. त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच. पुढच्याच हंगामात गुडघा दुखावला आणि त्याला बाहेर बसावे लागले. २०२५ साली परत येऊन त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. तो सामना दिल्लीकडून २८ विरुद्ध ३१ असा थोडक्यात गेला. पदक, दुखापत, परत उभे राहणे, आणि पुन्हा तीन गुणांची हार: दोन वर्षांत एवढे सगळे. अशा मुलाला घरून काय लागते? पदक आणलेस तेव्हा जेवण जसे वाढले, तसेच गुडघा बांधून आलास तेव्हाही वाढू, एवढी खात्री लागते.

आणि एका घराची गोष्ट तर प्रत्येक बापाने लक्षात ठेवावी. मुंबईचे नौशाद खान यांनी सरफराज आणि मुशीर या दोन्ही मुलांना स्वतः क्रिकेट शिकविले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकोटला सरफराजला कसोटीची टोपी मिळाली, तेव्हा बापाने ती टोपी ओठांना लावली आणि मैदानावरच रडला. साऱ्या देशाने ते पाहिले. आता पुढचे ऐका. त्याच वर्षी सप्टेंबरात मुशीर वडिलांबरोबर मोटारीने जात असता अपघात झाला आणि त्याच्या मानेला जबर दुखापत झाली. ऑक्टोबरात सरफराजने बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध १५० धावा केल्या. आणि नोव्हेंबरात जेद्दा येथे लिलाव झाला, त्यात धाकट्या मुशीरला पंजाबने ३० लाखांना घेतले, तर दीडशे करून जेमतेम महिना उलटला होता त्या थोरल्या सरफराजला कोणीही घेतले नाही. २०२५ च्या डिसेंबरात चेन्नईने ७५ लाखांना घेईपर्यंत त्याला वाट पाहावी लागली.

पालकहो, विचार करा. एकच घर, एकाच लिलावात एका मुलाचा पुकारा झाला आणि दुसऱ्याचा झाला नाही. त्या घरात त्या रात्री पेढे वाटावेत की नाही? आपल्या दीनाने आपल्याला दोन शब्द दिलेले आहेत, शुक्र आणि सब्र. एरवी आपण ते वेगवेगळ्या दिवसांसाठी राखून ठेवतो. अशा घराला ते दोन्ही एकाच ताटात वाढून घ्यावे लागतात. धाकट्याचा आनंद थोरल्याच्या जखमेवर मीठ न होता करावयाचा, आणि थोरल्याचे दुःख धाकट्याच्या आनंदावर न सांडता सोसावयाचे. हे ज्या आईबापांना साधले, त्यांना मी कोणत्याही प्रशिक्षकापेक्षा मोठे मानीन.

हे सगळे दूरच्या थोरामोठ्यांचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये. आता वाडी-वाडीच्या प्रीमियर लीग भरतात. त्यांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटसाठी आपल्याच मुलांचा लिलाव पुकारला जातो. पैसे कधी खरे, कधी नुसते गुण. मोठ्यांची हौस आहे, असो. पण शाळेत सोमवारी मुले एकमेकांना विचारतात, 'तुझो भाव किती गेलो?' आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत भिंतीशी उभा होता. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, 'सर, माका कोणी घेतलाच नाय.' तेराव्या वर्षी आपली किंमत शून्य आहे असे त्याला वाटले, आणि ते त्याला खेळाने नव्हे, आपण मोठ्यांनी शिकविले. मुलाची किंमत आणि मुलाचा भाव या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे शिकविणे शाळेचे काम आहेच; पण ते घराचे काम आधी आहे.

आता थोडे गणित. क्रिकेटच्या लीगमध्ये १० संघ, प्रत्येकात फार तर २५ खेळाडू, म्हणजे २५०. कबड्डीत १२ संघ, तिथेही फार तर २५; म्हणजे ३००. परदेशी खेळाडू धरून, साऱ्या देशात मिळून साडेपाचशे जागा. जेद्दाच्या लिलावासाठी १,५७४ जणांनी नावे नोंदविली होती, विकले गेले १८२. आणि नाव नोंदविण्यापर्यंत पोहोचलेले हे सगळे आधीच हजारांत एक होते. त्याच लिलावात बिहारचा वैभव सूर्यवंशी हा १३ वर्षांचा मुलगा १ कोटी १० लाखांना गेला, आणि पुढच्या एप्रिलात त्याने ३५ चेंडूंत शतकही ठोकले. त्याच्या वडिलांनी मुलासाठी शेतजमीन विकल्याचे सांगितले आहे. त्यांना यश आले, आनंद आहे. परंतु त्यांच्याप्रमाणे जमीन विकून ज्यांची मुले परत आली, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रात येत नाहीत. म्हणून आपल्याला एकच शेत दिसते.

यावरून मला पालकांना काही गोष्टी सुचवावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट. मुलाच्या खेळासाठी कलमांची बाग किंवा राहते घर विकू नका, गहाण टाकू नका. बूट घ्या, दूध द्या, प्रवासाचा खर्च करा, त्यात हात आखडू नका. पण जे विकले असता धाकट्या भावंडांच्या तोंडचा घास जाईल, ते विकू नका. असे घर विकून पाठविलेल्या मुलाला खेळणे शक्य नसते. प्रत्येक चढाईत त्याच्या पाठीवर घर असते.

दुसरी गोष्ट. 'तुमच्या मुलाची निवड करून देतो' म्हणून जो पैसे मागतो, तो निवड करणारा नव्हे. खरा करार खेळाडूला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. करार आला, तर तो समजणाऱ्या माणसाकडून मराठीत समजावून घ्या, मगच सही करा. पैसा मुलाच्या स्वतःच्या खात्यात ठेवा. पहिल्या वर्षाच्या पैशावर दुमजली घर बांधू नका.

तिसरी गोष्ट, आणि ही मी शिक्षक म्हणून हात जोडून सांगतो. शाळा सोडवू नका. सरावामुळे रोजची हजेरी जमत नसेल, तर मुख्याध्यापकांना येऊन भेटा. दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. राज्य पातळीवर खेळलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण आहेत. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. पण त्या जागेसाठी अर्ज करताना खेळाच्या प्रमाणपत्राबरोबर शिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. म्हणजे जो मुलगा लिलावात गेला नाही, त्याच्याही खेळाचे मोल होऊ शकते. मात्र त्याच्या हातात दहावी-बारावीचा कागद असला पाहिजे. किती तरी गुणी पोरे मी पाहिली, त्यांच्याकडे पेटीभर करंडक आहेत आणि हा एक कागद नाही.

चौथी गोष्ट मुलींविषयी. विषय 'मुलाची निवड' असा मी मांडला, तो आपल्याकडे तसेच बोलले जाते म्हणून. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला क्रिकेट लीगचा पहिला लिलाव झाला. त्यात सर्वांत अधिक बोली लागली ती सांगलीच्या स्मृती मानधनाला, ३ कोटी ४० लाखांची. थोरला भाऊ खेळे, त्याला पाहून ती खेळू लागली, आणि तिच्या आईवडिलांनी तिला अडविले नाही. आपल्या मुली धावण्यात, थाळीफेकीत, खोखोत तालुक्याला पहिल्या येतात, आणि नववीनंतर मैदानावर दिसत नाहीत. त्या कुठे जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. मुलाच्या निवडीवर पेढे वाटणाऱ्या घराने आधी मुलीला मैदानावर तरी येऊ द्यावे.

आणि शेवटची गोष्ट आनंदाची. निवड होईल तेव्हा जरूर आनंद करा. शेजाऱ्यांना बोलवा, मुलाला जवळ घ्या. पण तेव्हा आकडा सांगू नका, त्याची मेहनत सांगा. पहाटे कोण उठवीत असे, चपला कोणी शिवून दिल्या, कोणत्या बहिणीने आपला वाटा सोडला, ते सांगा. म्हणजे धाकट्या मुलांच्या कानावर भाव जाणार नाही, कष्ट जातील. आणि जो दिवस कोणाच्याच कॅमेऱ्यात येत नाही, त्या दिवसाचीही तयारी ठेवा. यादी वाचली जाईल आणि नाव येणार नाही, किंवा गुडघा बांधून पोर रात्रीच्या एस. टी. ने परत येईल. त्या रात्री त्याच्या ताटातली भाकर नेहमीएवढीच गरम असली, त्याला कोणी 'आता काय?' असे लगेच विचारले नाही, आणि सकाळी त्याची वह्या-पुस्तके जागच्या जागी सापडली, तर समजा, की आपण आईबाप म्हणून निवडले गेलो. ती निवड कोणत्याही लिलावात होत नाही.

आपल्या या परिसरातील मुले-मुली मोठ्या मैदानांवर खेळोत, आणि खेळून झाल्यावर परत येण्यासारखी घरे त्यांना लाभोत, अशी दुवा मी करतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.